चिकट चायनीज रबर आणि नेटमध्ये गेलेले माझे शेकडो चेंडू

तर झालं असं की मागच्या वर्षी मी टेबल टेनिसच्या बॅटला, फोरहँडच्या बाजूला, हरिकेन ३ हे चिकट चायनीज रबर लावलं. निओ व्हर्जन, स्पंजचा कडकपणा ४१ डिग्री. का, तर चीनचा मा लाँग वापरायचा म्हणून. २०१६ ला ऑलिम्पिक सिंगल्सचं सोनं, मग टोकियोत २०२१ ला परत तेच, आणि दोन्ही वेळा फोरहँडला चिकट चायनीज रबर. माणूस एवढं बघतो आणि त्याला वाटतं की सगळी जादू रबरातच आहे. त्याच्या मांड्या बघितल्या असत्या तर पुढचे तीन महिने वाचले असते.

त्याआधी मी सात-आठ वर्षं युरोपियन टाइपची मऊ, उसळणारी रबरं वापरत होतो. ज्यांनी कधी वापरली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, त्या रबरांचा स्पंज, म्हणजे वरच्या शीटखालचा थर, भरपूर छिद्रांचा आणि ताणलेला असतो, चेंडू आत रुततो आणि गलोलीतून सुटावा तसा बाहेर येतो, आणि येतो तोही वर उचलून. म्हणजे तुम्ही अर्धवट हात फिरवलात तरी चेंडू नेटवरून जातो, वर थोडा स्पिनही मिळतो, आणि तुम्हाला वाटतं वा काय लूप (चेंडूला घासून पुढे फिरवत मारलेला फटका) मारला. मला वर्षानुवर्षं असंच वाटत होतं.

नवीन शीट आली तेव्हा पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, चेंडूवर रबर दाबलं आणि उचललं. चेंडू लटकला! दोन सेकंद असेल, पण लटकला. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं, कोणाला काही वाटलं नाही. मग बॅटवर चेंडू टप्पे मारून बघितला तर टक् टक् टक्, पाटावर चेंडू पडल्यासारखा आवाज, आणि उसळी जवळजवळ नाहीच. तिथेच पोटात गोळा आला होता पण म्हटलं सवय होईल.

क्लबमध्ये पहिला दिवस. नुसती फोरहँड टू फोरहँड रॅली, वॉर्मअप, जी मी झोपेतही करू शकतो. पहिला चेंडू नेटमध्ये. दुसरा नेटमध्ये. तिसरा टेबलावर पडला पण इतका मेलेला की समोरचा म्हणाला, "अरे, खेळतोयस का नुसता दाखवतोयस?" मग मी काय केलं, तर जोर वाढवला. खांद्यातून. दोन आठवड्यांत कोपर दुखायला लागलं आणि चेंडू नेटमधून निघून थेट मागच्या भिंतीवर जायला लागले, मधे टेबल नावाची वस्तू आहे हे रबराला माहीतच नसल्यासारखे.

इथे आकड्यांचा एक घोळ आहे जो मला आधी कोणीतरी सांगायला हवा होता. स्पंजचा कडकपणा डिग्रीत लिहितात पण चायनीज मोजणी वेगळी आणि युरोपियन वेगळी. माझं जुनं रबर ४५ चं होतं, मग मला वाटलं ४१ म्हणजे त्याच्यापेक्षा मऊच की! कपाळ. चायनीज ३९ म्हणजे युरोपियन मोजणीत साधारण ५० च्या आसपास धरतात, मग ४१ म्हणजे काय ते तुम्हीच बघा. शिवाय वजन. जुनं रबर कापून ४५ ग्रॅम भरलं होतं, हे ५० च्या जवळ. पाच ग्रॅम म्हणजे काही नाही असं वाटतं पण ते पाच ग्रॅम बॅटच्या टोकाला बसतात, आणि तासाभराच्या खेळानंतर मनगट ते बरोबर मोजतं.

ही रबरं एवढी कडक का, याचा इतिहासही आहे. एके काळी खेळाडू मॅचच्या आधी स्पीड ग्लू लावायचे, त्यातल्या उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटमुळे स्पंज फुगायचा, वरची शीट ताणली जायची आणि कडक रबरसुद्धा जिवंत व्हायचं. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिक झालं आणि लगेच सप्टेंबरपासून त्या ग्लूवर बंदी आली, आरोग्याचं कारण होतं आणि ते खरंच होतं. मग जपानी आणि जर्मन रबरांनी ती उसळी स्पंजमध्येच बसवली. चायनीज रबरांत निओ वगैरे फॅक्टरीतच ट्रीटमेंट केलेली व्हर्जन्स आली, पण मूळ स्वभाव तोच राहिला. बाकी लोक बूस्टर तेल लावतात ते सगळ्यांना माहीत आहे, रबर फुगून वाटीसारखं वळतं, मग चिकटवतात. नियमात मात्र रबरावर कुठलीही वेगळी ट्रीटमेंट चालत नाही असं स्पष्ट आहे. मी लावलं नाही. नीतिमत्तेपेक्षा आळस जास्त, खरं सांगायचं तर.

आता मुद्द्याचं.

महिनाभर मार खाल्ल्यावर क्लबमधले एक काका, जे गेली कित्येक वर्षं चायनीज रबरच वापरतात आणि ज्यांच्या सर्व्हिसला आम्ही सगळे घाबरतो, ते माझा खेळ बघत बसले होते. म्हणाले, "तू चेंडूला ना धड घासतोस ना धड मारतोस. मधलंच काहीतरी करतोस. ह्या रबरात मधलं काही नसतं." मला तेव्हा नीट कळलं नाही, राग पण आला थोडा. पण घरी येऊन विचार केला तर तेच सगळं उत्तर होतं.

बघा, चिकट कडक रबर दोन प्रकारे चालतं. एक, चेंडूला अगदी पातळ स्पर्श, नुसता वरच्या शीटने घासायचा, स्पंजपर्यंत जायचंच नाही, तिथे चिकटपणा काम करतो आणि हळू पण भयंकर फिरणारा चेंडू जातो. दुसरं, पूर्ण ताकदीने, पाय कंबर सगळं लावून, चेंडू स्पंजमध्ये खोल दाबायचा आणि त्याच वेळी पुढे ओढायचा, तेव्हा तो कडक स्पंज एकदम जागा होतो आणि चेंडू टेबलावर पडून जो काही पुढे सरकतो की समोरच्याच्या ब्लॉकवरून उडून जातो. आणि या दोन्हींच्या मधे? मधे काही नाही. दगड. मऊ रबरात मात्र सगळा बाजार मधेच भरलेला असतो, आणि माझा सगळा खेळ गेली आठ वर्षं त्या मधल्या गिअरवरच चालला होता. साठ टक्के हात, थोडं घासणं थोडं मारणं, बाकी स्पंज बघून घेईल.

मग मी मल्टिबॉल सुरू केलं. एका मित्राला पटवलं, तो टोपलीतून एकामागून एक बॅकस्पिनचे, म्हणजे उलटे फिरणारे, चेंडू टाकणार आणि मी फक्त हळू लूप काढणार. अट एकच, वेग नको, स्पिन हवा, चेंडू टेबलाच्या शेवटच्या फुटात पडला पाहिजे. पहिल्या शंभरातले सत्तर तरी नेटमध्ये. बॅट फार उघडी, म्हणजे वर तोंड करून, ठेवली की चेंडू वर तरंगतो, बंद केली की नेट, आणि चेंडू खाली उतरायची वाट बघत बसलं की संपलंच. जुन्या रबराने मी चेंडू उतरल्यावर, आरामात, अंगाजवळ घ्यायचो. इथे त्याला टप्प्याच्या वरच्या टोकाला, अंगाच्या पुढे घ्यावं लागतं, आणि तिथे वेळेत पोचायचं म्हणजे पाय हलवावे लागतात. हे रबर हातासाठी नाही पायांसाठी विकायला पाहिजे.

आवाज ऐकायला शिकलो हे एक मोठं झालं. चांगला पातळ स्पर्श झाला की जवळजवळ आवाजच येत नाही, नुसतं 'सर्र' असं काहीतरी. पूर्ण दाबलेला चेंडू घट्ट, खोल 'ठक' करतो. आणि मधला चुकीचा स्पर्श म्हणजे तो पोकळ पाटावरचा 'टक'. काही दिवसांनी चेंडू कुठे गेला ते बघायच्या आधीच मला कळायचं की गेला नेटमध्ये.

अजून एक. हात फिरवायची पद्धत. जुन्या रबरावर माझा स्ट्रोक खालून वर जायचा, सलाम ठोकल्यासारखा. चायनीज रबराचा चेंडू मुळात कमी वर उठतो म्हणून मी अजून वर ओढायला लागलो, आणि तीच चूक, कारण चिकट शीट चेंडूला एवढा वेळ धरून ठेवते की पुढे ओढलं तरी तो कमान करून पलीकडे जातो. पुढे म्हणजे खरंच पुढे, नेटच्या दिशेने. हात लांब, कोपर सुरुवातीला जवळजवळ सरळ, कंबर आधी आणि हात नंतर, चेंडूला लागताना पुढचा हात झटकन आवळायचा. लिहायला सोपं आहे.

पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून भारी होती, छोटा खेळ. सर्व्हिसला बॅट नुसती चेंडूखालून फिरवली तरी काय बॅकस्पिन येतो! काही चेंडू समोरच्याच्या बाजूला टप्पा खाऊन परत नेटकडे यायला बघायचे. आणि पुश, म्हणजे चेंडू खालून हळूच ढकलून परत करणं. रबरात उसळी नाही म्हणजे समोरच्याची छोटी सर्व्हिस छोटीच परत जाते, खाली राहते, जड जाते. जुन्या रबरावर माझा छोटा पुश दर तिसऱ्या वेळी लांब जाऊन मार खायचा. म्हणजे रॅली हरत होतो पण रॅली सुरू होण्याच्या आधीचे पॉइंट जिंकत होतो, आणि खरं सांगू का, त्या एका गोष्टीने मला टिकवून ठेवलं, नाहीतर दुसऱ्या महिन्यात रबर सोलून टाकलं असतं.

बॅकहँडलाही लावून बघितलं, हौस म्हणून. चार दिवस. बॅकहँडला हात फिरवायला जागाच तेवढी नसते, टेबलाजवळ पटकन फ्लिक (मनगटाचा झटका) किंवा ब्लॉक (बॅट नुसती आडवी धरणं) करायचा असतो, तिथे थोडी फुकटची उसळी लागतेच. चायनीज टीममधले बरेच खेळाडूसुद्धा फोरहँडला हरिकेन आणि बॅकहँडला मऊ, न चिकटणारं जपानी किंवा जर्मन रबर लावतात, फान झेनडाँगही टीममध्ये असताना तसंच लावायचा. त्यांना जमत नाही असं नाही, त्यांना गरज वाटत नाही. मग मी कोण. जुनं रबर परत बॅकहँडला गेलं आणि तिथे सुखात आहे.

निगा राखायची कटकट आहे बरं का. धूळ बसली की चिकटपणा अर्धा जातो, आणि प्लॅस्टिकचे ४०+ चेंडू आल्यापासून नवीन चेंडूंवरची पावडर तर पहिल्या दहा मिनिटांत रबर पांढरं करते. मी फक्त साध्या पाण्याने पुसतो, ओल्या स्पंजने, मग वाळवून वर प्लॅस्टिकची फिल्म, हवेचे बुडबुडे काढून. दमट हवेत मात्र काही इलाज नाही, चिकट शीटवर बाष्प बसतं आणि चेंडू साबणावरून घसरावा तसा घसरतो, तेव्हा दर दोन पॉइंटला बॅट पँटला पुसत बसायचं. कोणीतरी सांगितलं म्हणून एकदा हाताने चोळून तेलकट करून ठेवलं होतं, ते करू नका.

चौथ्या महिन्यात मी ४१ काढलं आणि ३९ लावलं. ह्यात थोडी हार आहे हे कबूल. पण आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला ४१ चा स्पंज पूर्ण दाबायला प्रत्येक चेंडूला जी मेहनत लागते ती तिसऱ्या गेमपर्यंत उरत नाही. ३९ वर तो 'ठक' आवाज पाच पैकी तीन वेळा तरी येतो. कोपरही गप्प आहे. मधे लोकांनी हायब्रिड रबरं सुचवली, वर चिकट शीट आणि आत उसळणारा स्पंज, डिग्निक्स ०९सी सारखी. मित्राच्या बॅटने अर्धा तास खेळलो, फार मस्त आहे, आणि अर्ध्या तासात माझा हात परत साठ टक्क्यांवर आला. म्हणून नको म्हटलं, सध्या तरी.

अजून न जमलेलं बरंच आहे. टेबलापासून लांब ढकलला गेलो की मी संपलो, तिथून हे रबर काही मदत करत नाही. अर्धवट लांब सर्व्हिस आली, ना छोटी ना लांब, की हात अजून मधल्याच गिअरमध्ये जातो आणि चेंडू नेटच्या बरोबर मध्यावर आपटतो. काका लांबूनच बोट वर करतात, बोलत नाहीत. मागच्या रविवारी त्यांच्याकडून चार पॉइंट सलग काढले, दोन हळू लूपवर आणि दोन सर्व्हिसवर, पाचव्याला परत नेट.

आत्ताच्या शीटचा चिकटपणा गेलाय, चेंडू आता लटकत नाही. नवीन ३९ आणून ठेवलंय, पाण्याच्या ग्लूचा पहिला थर लावून पंख्याखाली वाळतंय, दुसरा थर जेवल्यावर.