शेऱ्याच्या रकान्यातला पतंग

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस परतीच्या वाटेवर, आणि घाटमाथ्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत माझी रात्रपाळी. तिथे ढग बघायला मान वर करावी लागत नाही. दार उघडलं की तो आत येतो, वह्या दमट होतात, बिस्किटं मऊ पडतात. विमानाला जो ढग काही क्षण लाभतो, तो आम्हाला रात्रभर मिळतो.

पहाटे चारला थेंब मोजणाऱ्या यंत्राचा आकडा घसरू लागला. यात पंप नळीतून हवा ओढतो, थेंब लेझरच्या झोतातून जातो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून त्याचा आकार कळतो. खिडकीबाहेर हातभर अंतरावरचं दिसेना, आणि पडद्यावर जवळपास शून्य! वायरी तपासल्या, संगणक दोनदा बंद-चालू केला. गच्चीवर जाऊन नळीच बघावी, हे सुचायला तीन तास लागले. (खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण बाहेर फार गारठा होता.) नळीच्या तोंडात दिव्याला भुलून आलेला मोठा पतंग चिंब होऊन अडकला होता.

अशा वेळी मला स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसवरची माणसं आठवतात. 1345 मीटरच्या त्या माथ्यावर 1883 ते 1904 अशी एकवीस वर्षं दर तासाला, रात्रीसुद्धा, हवामानाच्या नोंदी घेतल्या गेल्या. हिवाळ्यात उपकरणांवर बर्फाची पुटं चढत. माझ्या वाट्याला फक्त पतंग आला होता.

मी नळी पुसत होते तेवढ्यात कड्याकडून प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांची हाक आली. “ताई, ऱ्हाऊ द्या ते. हिकडं या आधी!”

ढग कोकणाच्या बाजूला खाली उतरला होता. पाठीमागून सूर्य वर आला होता, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आमच्या लांबट सावल्या पडल्या होत्या. माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ. इंद्रवज्र! वर्षानुवर्षं मी ढगांचे आकडे लिहीत होते, पण हे पहिल्यांदाच पाहिलं.

“माझ्या डोस्क्याभवती हाय,” मामा म्हणाले.

“नाही, माझ्या.”

दोघंही खरं बोलत होतो. हा प्रकाश थेंबांवरून जवळजवळ उलट पावली परततो, म्हणून ज्याचं वर्तुळ त्यालाच दिसतं. हरिश्चंद्रगडावर ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनाही कड्याखालच्या धुक्यावर असंच वर्तुळ दिसलं होतं. 1835 साली त्यांनी ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवलं. आणि 1894 च्या सप्टेंबरात बेन नेव्हिसवर दोन आठवडे काम करायला आलेला पंचविशीतला स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन ढगांवरच्या अशाच रंगीत कड्यांनी झपाटला. ती प्रयोगशाळेत करून बघावीत म्हणून त्याने काचेच्या भांड्यात ढग तयार केला. रंग बाजूलाच राहिले. त्यातून अभ्रकोष्ठ, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणारं ‘क्लाउड चेंबर’, जन्माला आलं. 1911 मध्ये त्यात किरणोत्सारी कणांच्या वाटांची छायाचित्रं निघाली आणि 1927 मध्ये विल्सनला नोबेल मिळालं.

बघता बघता ढग विरळ होऊ लागला आणि वर्तुळ रुंदावलं. थेंब बारीक झाले की कडं मोठं होतं. म्हणजे थेंब सुकत होते, आणि हे सांगायला त्या घडीला माझ्याकडे एकही चालू यंत्र नव्हतं. मी हात लांब करून बोटांनी कडं मोजलं. आधी तीन बोटं, मग चारांतही मावेना. मग ते पुसट झालं आणि गेलं.

आत येऊन रजिस्टर उघडलं. चार ते सव्वासात, शेरा : “नळीत पतंग.” त्याखालच्या ओळीत लिहिलं : “7.05, इंद्रवज्र, तीन बोटं.” मामांनी ते वाचलं आणि पेन मागितलं. माझ्या बोटांपेक्षा त्यांची बोटं जाड आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.