कित्तूरचा वाडा आणि देसगतीतले दोन दिवस

बेळगावकरांना धारवाड-हुबळी काही नवीन नाही. लग्न, बारसं, डॉक्टर, साड्या, काहीतरी निमित्त निघतं आणि वर्षातून चार खेपा होतात. अर्ध्या वाटेवर कित्तूरचा फाटा लागतो. कित्तूरची राणी चन्नम्मा, तिच्या घोड्यावरच्या पुतळ्याला गाडीतूनच हात जोडायचे आणि पुढे निघायचं. माझी चाळीस वर्षं अशीच गेली. आमची आत्या मात्र दर खेपेला म्हणायची, "अगं, एकदा आत शिरूया की. देसायांचा वाडा बघायचाय मला." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अखेर आम्ही निघालो: मी, सत्तरीची आत्या आणि कॉलेजात जाणारी भाची.

जे जाणार असतील त्यांना आधीच सांगते, फक्त वाडा बघायला जाऊ नका. कित्तूर म्हणजे नुसता किल्ला नव्हे, ती देसगत होती, म्हणजे देसायांच्या ताब्यातला मुलूख. गावं, मठ, शेतसनदी (चाकरीबद्दल सनदेने जमीन मिळालेले) शिपाई, तळी, देवळं या सगळ्यांची मिळून ती झाली होती. वाडा आज पडका आहे. तासाभरात फिरून होतो आणि "एवढंच?" म्हणून माणसं परत फिरतात. भोवतालची चार ठिकाणं जोडलीत की तोच वाडा बोलायला लागतो. त्यासाठी दोन दिवस काढा.

आमची सुरुवात चुकली. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर धारवाडची पाटी बघून घाईघाईने बसमध्ये चढलो आणि ती निघाली विनाथांबा. हायवेवरच्या फाट्याशी गाडी थांबवून कंडक्टरने उतरवलं हे त्याचे उपकार, पण तिथून गावापर्यंत आत्याला पायी नेणं जिवावर आलं. तेव्हा चढण्याआधी "कित्तूर ओळगे होगत्ता?" म्हणजे आत जाते का, एवढं विचारून घ्या. साधी बस थेट गावात सोडते. बेळगावहून अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, धारवाडहून तीसच्या आसपास. कर्नाटकातल्या बायकांना 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र हातात ठेवा. कोल्हापूर-सांगलीहून येणाऱ्या बहिणींना तिकीट काढावं लागेल. गाड्या भरून जातात, म्हणून सोबत म्हातारं माणूस असेल तर सकाळी आठच्या आत निघा.

किल्ल्याची तटबंदी बरीच ढासळली आहे. खंदकाची रेषा अजून कळते. आत मोकळं मैदान, झाडं आणि मधे वाड्याच्या जाड भिंती. छप्पर नाही, माडी नाही, लाकूड नाही. आत्या आधी गप्पच झाली. तिच्या डोक्यात खांब, झोपाळा, तुळशीचा चौक असलेला वाडा होता. मग ती हळूहळू चालत एका खोलीत शिरली, जमिनीतला उतार आणि पाणी जायची वाट बघितली आणि म्हणाली, "हे न्हाणीघर." भाचीने पाटी वाचली, तेच होतं. पुढे आत्याच आमची वाटाड्या झाली. कुठून पाणी यायचं, बायकांचा वावर कुठे असेल, स्वयंपाकाचा धूर कुठून जाईल, हे ती जोत्यांवरून सांगत होती. सगळंच बरोबर असेल असं नाही, पण पाडलेलं घर बघायला घर चालवलेलं माणूस सोबत असावं, हे मला तिथे पटलं.

एका भिंतीतलं भोक चुकवू नका. त्यातून ध्रुवतारा दिसतो असं सांगतात. दिवसा अर्थातच आभाळाचा एक तुकडा दिसतो. भाचीने गाल भिंतीला टेकवून एक डोळा मिटला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. भोकाच्या कडेचा चुना बोटं लागून लागून गुळगुळीत झालाय, आत भिंतीची जाडी हातभर जाणवते. एवढ्या जाड भिंतीतून एका ताऱ्यावर नेम धरून भोक ठेवणारा गवंडी कोण असेल, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

या घराण्याची गोष्ट थोडी माहीत असली की फिरताना फरक पडतो. हिरेमल्लशेट्टी आणि चिक्कमल्लशेट्टी हे दोघे भाऊ 1585 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही फौजेबरोबर इकडे आले. देसगतीचं ठाणं आधी संपगावला होतं, अल्लप्पगौडा देसायांनी ते सतराव्या शतकात कित्तूरला आणलं. त्यांच्यातले मल्लसर्ज देसाई सगळ्यांत नावाजलेले. आधी टिपूच्या कैदेत गेले, तिथून निसटले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्याला नेऊन अडकवून ठेवलं. सुटून परत येताना, 1816 मध्ये, वाटेतच त्यांचा अंत झाला. आपण मराठी माणसं इंग्रजांची आगळीक लगेच सांगतो, हा पुण्याचा भाग मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही. मलाही तो संग्रहालयात भाचीने कन्नड वाचून सांगितला तेव्हा पहिल्यांदा कळला. त्यांची राणी चन्नम्मा ही काकतीची लेक. बेळगावहून संकेश्वरकडे निघालं की लागतं तेच काकती, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

1824 मध्ये मल्लसर्जांचा मुलगा वारला, घरात दत्तक घेतला आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने तो दत्तक मानला नाही. 23 ऑक्टोबर 1824 ला थॅकरे फौज घेऊन किल्ल्याच्या दारात आला आणि तिथेच पडला. दोन इंग्रज अधिकारी कित्तूरकरांच्या हाती लागले. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला गेला. 1857 च्या तेहतीस वर्षं आधीची ही गोष्ट. 23 ते 25 ऑक्टोबरला इथे कित्तूर उत्सव असतो. गर्दी, मिरवणूक, कुस्त्या, नाटकं आवडत असतील तर तेव्हा या. वाडा शांतपणे बघायचा असेल तर ते तीन दिवस टाळाच.

संग्रहालय किल्ल्याच्या आवारातच आहे. तलवारी, चिलखतं, कोरीव दारं-खिडक्या, वीरगळ, शिलालेख. वाड्यातून गेलेल्या लाकडाची थोडी कल्पना या चौकटींवरून येते, म्हणून आधी संग्रहालय बघा आणि मग वाडा. आम्ही उलटं केलं. आत्याला दुसऱ्यांदा वाड्यात जायचं होतं, पण गुडघे नाही म्हणाले. हिरेबागेवाडीची दुर्गामूर्तीही इथेच आहे. टोलनाक्यामुळेच आपल्याला ते नाव माहीत, आणि तिथल्या मातीतून असं काही निघालं होतं! सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तो वार सोडून जा. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये आणि इंग्रजीत आहेत. कन्नड वाचणारं कुणी बरोबर असलं तर निम्मं काम झालं. आमच्या भाचीने शाळेत कंटाळत शिकलेलं कन्नड त्या दिवशी तिघींच्या उपयोगी पडलं.

गावात कल्मठ आहे. देसायांच्या गुरूंचा हा मठ, घराण्यातल्यांच्या समाध्या इथेच. चपला काढून, आवाज न करता जा. तिथली माणसं मायेने सगळं दाखवतात. आत्याचं मोडकं कन्नड ऐकून एका आजींनी तिला हात धरून ओट्यावर बसवलं आणि ताक दिलं.

जेवणाला कुठली मोठी हॉटेलं शोधू नका. बसस्थानकाजवळ खानावळी आहेत. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपलं भरलं वांगं, शेंगाचटणी, मोड आलेली कडधान्यं, दही. जेवण दोनच्या आत उरका, नंतर भाकऱ्या संपतात.

दुपारी देगावला गेलो. कित्तूरपासून पाच-सात किलोमीटर, रिक्षा जाते. जाण्या-येण्याचं आणि तासभर थांबण्याचं भाडं आधीच ठरवा, कारण परतीला तिथे वाहन मिळत नाही. कमलनारायणाचं हे देऊळ बाराव्या शतकातलं. गोव्याच्या कदंबांचा राजा शिवचित्त पेर्माडी, त्याची राणी कमलादेवी, तिने ते बांधवलं. तीन गाभारे आहेत. एकात मांडीवर लक्ष्मी घेतलेला नारायण. आम्ही गेलो तेव्हा देवळात आम्ही तिघी आणि एक शेळी. बाहेर ऊन भाजत होतं आणि आतले खांब गार. लेथवर फिरवल्यासारखे गोल खांब, त्यांवर एकाखाली एक बारीक कंगोरे. डोळे मिटून बोट फिरवलं तर कंगोरे मोजता येतात, आठशे वर्षांनीही कडा बोथट झालेल्या नाहीत. कित्तूरला येणाऱ्यांतले निम्मेही इथवर येत नसावेत. माझ्या मते या अख्ख्या सहलीतलं सर्वांत देखणं ठिकाण हेच. वाडा वगळावा लागला तर वगळा, देगाव वगळू नका. (हे आत्याला अजिबात मान्य नाही.)

संध्याकाळी बैलहोंगल. कित्तूरहून बस आहे. किल्ला पडल्यावर चन्नम्माला इथे कैदेत ठेवलं होतं, आणि 1829 च्या फेब्रुवारीत ती इथेच गेली. समाधी भर गावात, छोट्या बागेत आहे. शाळेतून सुटलेली मुलं, फुलवाली, बाकावर म्हातारे. बघायला पाच मिनिटं पुरतात, आत्या अर्धा तास बसली. परतीची बस संपगाववरून आली. देसगतीचं पहिलं ठाणं अंधारात खिडकीतून निघून गेलं. दिवसाच्या उजेडात बघायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी केली, कारण खानापूर तालुक्यात आडवाटेच्या बसचा भरवसा धरता येत नाही. तुमची स्वतःची गाडी असेल तर बेळगावला परत येऊच नका. कित्तूरहून बिडी गावामार्गे सरळ नंदगड गाठा, तीसेक किलोमीटर पडेल. रस्ता मधेमधे अरुंद आहे आणि ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे रखडायला होतं, म्हणून अंधार पडायच्या आत पोचा. ही बिडी साधी नव्हे. 1830 च्या जानेवारीत संगोळी रायण्णाच्या माणसांनी तिथली कचेरी जाळली होती. रायण्णा कित्तूरचा शेतसनदी. राणी कैदेत गेल्यावर दत्तक मुलाला गादीवर बसवण्यासाठी हा माणूस जंगलातून लढत राहिला. देसगत म्हणजे काय हे मला वाड्यापेक्षा त्याच्याकडून जास्त कळलं. देसाई गेले, वाडा गेला, आणि सनदेवर जमीन कसणारा शिपाई मागे हटला नाही.

नंदगड आपलंच. दुकानात मराठी, रस्त्यात मराठी, आत्याचा चेहराच खुलला. रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला इथे फाशी दिली. समाधीवर वडाचं मोठं झाड आहे. त्याच्या फांद्यांना लाकडाचे छोटे छोटे पाळणे बांधलेले दिसतात. मूल व्हावं म्हणून नवस बोलतात, रायण्णासारखा मुलगा मागतात. एक पाळणा अगदी नवा होता, वार्निशचा वास येत होता आणि त्यात हळदीकुंकू लावलेली इवलीशी चिंधी अंथरलेली. शेजारीच एक जुना, पावसाने काळा पडलेला, एका दोरीवर तिरका लोंबत होता. पाळण्यांचे फोटो काढताना आजूबाजूला कुणी नवस बोलत नाही ना, एवढं बघा. आम्ही असताना एक जोडपं आलं होतं. भाचीने न सांगता मोबाईल पर्समध्ये ठेवला.

नंदगडहून हलशी जवळ आहे. जुनं नाव पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत आणि वराहाची उंच मूर्ती बघताना मान वर करावी लागते. दर्शनासाठी दुपारी बाराच्या आत पोचा, नंतर गाभारा बंद मिळू शकतो. कुलूप असेल तर गावात विचारा, मराठीत विचारलं तरी चालतं. हलशीत खाण्याची फारशी सोय नाही, डबा घ्या. आम्ही थालीपीठ आणि दही नेलं होतं, देवळाच्या आवारातल्या सावलीत बसून खाल्लं.

काळाबद्दल थोडं. खानापूर भागात पाऊस मुसळधार पडतो, जून ते सप्टेंबर आडरस्ते निसरडे होतात आणि कित्तूरच्या भिंतींवर शेवाळ धरतं. म्हाताऱ्यांना त्या दिवसांत नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये किल्ल्याच्या मैदानात सावली कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत बरं. पाणी, टोपी, सपाट तळाच्या चपला, आणि वाड्यात उंच पायऱ्यांशी आधाराला काठी.

आत्याने परत येताच काकतीला जायचं काढलंय. चन्नम्माचं माहेर बघायचं राहिलं म्हणते. पुढच्या रविवारी जातोय, यावेळी साध्या बसने.