गुवाहाटीच्या गर्दीत अमेरिकेची चौकट

24 जून 2022. डेस्कवर सकाळपासून एकच विषय, गुवाहाटीच्या हॉटेलातले बंडखोर आमदार. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास वॉशिंग्टनचा फ्लॅश पडला: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1973 चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द केला, गर्भपाताचा घटनात्मक हक्क संपला. विदेशाचं पान माझ्याकडे होतं. मी बातमीसोबत तीनशे शब्दांची चौकट मागितली.

“काहून जी एवढी मोठी? इथं गुवाहाटीलेच जागा पुरून नाही राहिली,” चीफ सब म्हणाले. दिली मात्र.

घाईत तयार झालेल्या पहिल्या कॉपीत वाक्य होतं, ‘चर्चच्या दबावामुळे निकाल फिरला.’ हे छापून काय कळणार? नागपूरकराला मिशन म्हटलं की हिस्लॉप कॉलेज आठवतं, मुरे मेमोरियल हॉस्पिटल आठवतं. मतदानाच्या तोंडावर चर्चमध्ये वाटला जाणारा कागद त्याने पाहिलेला नसतो. आणि ‘चर्च’ म्हणजे कोणतं? कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांची बहुसंख्य मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात. कॅथलिक मतं दोन्हीकडे विभागलेली. खुद्द बायडन कॅथलिक. ज्यांच्या मतांवर हे राजकारण उभं राहिलं, ते मुख्यतः गोरे इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणारे आणि ‘पुन्हा जन्म’ घेण्याच्या, म्हणजे स्वतः श्रद्धा स्वीकारण्याच्या अनुभवावर भर देणारे. म्हणून ते वाक्य काढलं.

गंमत अशी की हा वर्ग सुरुवातीपासून या प्रश्नावर एकवटलेला नव्हता. सदर्न बॅप्टिस्ट या त्यांच्यातल्या मोठ्या पंथाच्या महासभेने 1971 मध्ये ठराव करून बलात्कार किंवा आईच्या आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी म्हटलं होतं. अनेक अभ्यासकांच्या मते या वर्गाच्या राजकारणाची ठिणगी पडली ती करावरून. वंशभेद पाळणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत 1976 मध्ये काढली गेली, पुढे 1978 मध्ये खासगी ख्रिस्ती शाळांवरही तसेच नियम येऊ घातले. 1979 मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी राहिली आणि 1980 मध्ये ती रेगन यांच्या मागे गेली. तेही स्वतःला ‘पुन्हा जन्मलेला’ ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कार्टर यांच्या विरोधात! हा तपशील मी चौकटीत हट्टाने ठेवला.

खरं काम कागदाने केलं. टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या ‘ख्रिश्चन कोअलिशन’ या संघटनेने 1990 च्या दशकात मतदार-पत्रकं वाटली. दोन उमेदवार शेजारी-शेजारी, खाली मुद्द्यांची यादी, प्रत्येक मुद्द्यापुढे ‘समर्थन’ किंवा ‘विरोध’. अमक्याला मत द्या, असं कुठेच नाही. कारण 1954 पासून करमुक्त संस्थांना, म्हणजे चर्चनाही, उमेदवाराचा प्रचार करायला बंदी होती. मग मुद्दे कोणते निवडायचे, यातच सगळी मेख. आपल्याकडच्या ‘विचार करून मतदान करा’सारखंच, सांगणारा कोण ते पाहिलं की पुढचं कळतं.

शेवटची कडी न्यायाधीशांची. तिथे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष निवडतो. मे 2016 मध्ये उमेदवार ट्रम्प यांनी सुप्रीम कोर्टासाठी संभाव्य न्यायाधीशांची 11 नावं जाहीर केली. तीनदा लग्न केलेल्या उमेदवाराला धार्मिक मतदार का मत देईल, या प्रश्नाला ती यादी हे उत्तर होतं. त्या निवडणुकीत दहातल्या सुमारे आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी त्यांना मत दिल्याचं एक्झिट पोलमध्ये दिसलं. गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट अशा तीन नेमणुका झाल्या. तरी ‘रो’ मोडीत काढणाऱ्या पाच न्यायाधीशांत इव्हँजेलिकल एकही नाही, बहुतेक कॅथलिक. मतं एका पंथाची, कायद्याची मांडणी बरीचशी दुसऱ्याची. ही युती लक्षात घेतल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत नेमकी हीच ओळ जागेअभावी गेली. शिवाय मथळा ‘6 विरुद्ध 3’ असा लागला. ज्यावरून हा खटला होता तो मिसिसिपी राज्याचा 15 आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारा कायदा 6-3 ने टिकला हे खरं, पण ‘रो’ रद्द करायला पाचच जण होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स तिथवर गेले नाहीत. शहर आवृत्तीला मथळा बदलून घेतला आणि ती ओळ परत चढवली. त्यासाठी बाजूचा जाहिरातीखालचा सिंगल कॉलम काढावा लागला.