ग्लासनचा नकाशा

रविवार, रात्र

आज सायकलने ग्लासन डॉकला, इंग्लंडमधल्या लँकेस्टरजवळच्या छोट्या बंदर-गावाला, जाऊन आले. लँकेस्टरहून ल्यून नदीच्या कडेने जाणारी वाट इतकी सपाट, की खाली कधीतरी रूळ असणार हे न सांगता कळतं. होतेच. १८८३ साली रेल्वे आली, १९३० मध्ये प्रवासी गाडी थांबली, १९६४ मध्ये मालगाडीही. आता तिथे सायकली आणि कुत्रे.

बाकावर बसून वहीत गावाचा नकाशा काढायला घेतला आणि फसले. दोन पानं फाडली. (वाऱ्याने एक स्वतःच नेलं.) घरांपासून सुरुवात केली की काही जुळेना, कारण गावाच्या मधोमध पाणीच आहे. एका अंगाला गोदी, दुसऱ्या अंगाला कालव्याचं भलंमोठं तळं, आणि दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीवरून रस्ता, तोही फिरत्या पुलावरून.

मग आधी फक्त खाडी काढली. ल्यूनमध्ये गाळ साचला, मोठी जहाजं लँकेस्टरपर्यंत चढेनात, म्हणून १७८७ साली इथे गोदी झाली. तेव्हा गावाचं तोंड खाडीकडे. १८२६ मध्ये गॅलगेट गावाकडून सहा लॉक (होडीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दारांचे हौद) उतरत कालव्याचा फाटा पाठीमागून आला आणि परसदार पुढचं दार झालं. आणि दार तरी केवढं! लँकेस्टर कालवा देशातल्या इतर कालव्यांना जोडलेलाच नव्हता. २००२ साली रिबल नदीतून जोड मिळेपर्यंत, बाहेरच्या बोटीला पाण्यावाटे त्यात शिरायचं तर समुद्रातून येऊन इथूनच. रेल्वेने उरलेली बाजू धरली. म्हणजे ज्या काळात जिकडून माल यायचा, तिकडे गाव तोंड फिरवत गेलं. मी मात्र सगळी तोंडं एकाच पानावर एकदम काढायला बसले होते.

आता तळ्यात हौसेच्या होड्या. गोदीकडे गोदामं.

निघताना भरती होती. तळ्यातून एक शिडाची होडी गोदीत यायची होती, म्हणून पूल फिरवला. दोन्हीकडे गाड्या खोळंबल्या. एका बाईंनी इंजिन बंद करून थर्मास काढला, सवय असावी. होडी सावकाश, अगदी सावकाश पुढे सरकली.

घरी येऊन नकाशा पाहिला. पुलाच्या जागी रस्त्याची सलग रेघ ओढली होती. ती खोडून तुटक केली.