फ्रीबीएसडीवर पॅरलल पोर्टचा प्रिंटर: प्रिंटकॅप शेवटी उघडा

फ्रीबीएसडी या युनिक्स-घराण्यातल्या प्रणालीवर प्रिंटर चालेना की बहुतेक जण आधी प्रिंटकॅप, म्हणजे प्रिंटरच्या नोंदींची फाइल, उघडून बसतात आणि तिथेच तासन्‌तास घालवतात. पोर्टातून निघालेला मजकूर कागदावर उमटतो का, हे स्पूलरला (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या प्रोग्रॅमला) बाजूला ठेवून आधी पाहा.

केबल संगणकाकडे २५ पिनांची, प्रिंटरकडे ३६ पिनांची सेंट्रॉनिक्स असते. आयईईई १२८४ (पॅरलल पोर्टचं मानक) असं छापलेलीच घ्या. लावता-काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. हा पोर्ट यूएसबीसारखा चालू असताना हात लावण्याजोगा नाही.

बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) पोर्ट सुरू असावा. पत्ता सहसा हेक्स ३७८ आणि आयआरक्यू (उपकरणानं प्रोसेसरला हाक देण्याची ओळ) ७. मग डीमेसेजमध्ये (प्रणाली सुरू होतानाच्या संदेशांत) एलपीटी०, म्हणजे पहिला पॅरलल पोर्ट, शोधा. त्या ओळीत 'इंटरप्ट-ड्रिव्हन पोर्ट' किंवा 'पोल्ड पोर्ट' असं लिहिलेलं सापडतं. पहिल्यात पोर्ट स्वतः हाक देतो, दुसऱ्यात प्रणालीच त्याला सारखं विचारत राहते (पोलिंग). इंटरप्ट-ड्रिव्हन आहे, तरी छपाई अडखळत, थांबत-थांबत होत असेल तर 'एलपीटीकंट्रोल -पी' देऊन पोलिंगवर आणा. तेवढ्यानं सुधारलं तर आयआरक्यू ७ वर दुसरं एखादं उपकरण बसलंय. जुन्या मशीनवर आधी साउंड कार्ड तपासा. ही सेटिंग रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून तीच आज्ञा /ईटीसी/आरसी.लोकल मध्ये टाका.

आता रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'एलपीटीटेस्ट २० ५' चं आउटपुट थेट /डेव्ह/एलपीटी० कडे वळवा. वीस-वीस अक्षरांच्या पाच ओळी यायला हव्यात. लेझर प्रिंटरवर काहीच आलं नाही तर घाबरू नका: पान भरलेलं नसल्यामुळे ते आतच थांबलेलं असतं, फॉर्म फीडचं बटण दाबा. फक्त पोस्टस्क्रिप्ट ही पानं मांडण्याची भाषा समजणाऱ्या प्रिंटरला मात्र साधा मजकूर कळतच नाही.

बऱ्याचदा पाच ओळी येतात, पण जिन्यासारख्या. पहिली वीस अक्षरांनी संपते, दुसरी एक ओळ खाली पण एकविसाव्या जागेपासून सुरू होते, तिसरी एकेचाळिसाव्या. युनिक्स ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड पाठवतं. कागद वर सरकतो, पण डाव्या कडेला परत आणणारा कॅरेज रिटर्न कुणीच देत नाही. केबल बदलून हे जाणार नाही. पीसीएल (एचपीची प्रिंटर-भाषा) समजणाऱ्या प्रिंटरला मजकुराआधी एस्केप, अँपरसँड, छोटा के, २, मोठा जी एवढी पाच अक्षरं पाठवा. मग लाइन फीडबरोबर कॅरेज रिटर्न तो स्वतःच धरतो. हे काम तीन ओळींच्या शेल फिल्टरचं (मजकूर प्रिंटरकडे जाताना मध्ये बसणाऱ्या स्क्रिप्टचं): पाच अक्षरं, मग मजकूर तसाच पुढे देणारं 'कॅट', शेवटी फॉर्म फीड.

इथवर जमलं की प्रिंटकॅप. एलपी मध्ये डिव्हाइस, एसडी मध्ये स्पूल डिरेक्टरी, आयएफ मध्ये फिल्टर. एसएच नं शीर्षकाचं पान बंद होतं आणि एमएक्स#० नं फाइलच्या आकाराची मर्यादा जाते. ओळीच्या शेवटच्या बॅकस्लॅशनंतर एकही स्पेस राहू देऊ नका. डोळ्यांना ती दिसत नाही, पण नोंद तिथेच तुटते आणि पुढचं सगळं वाया जातं. स्पूल डिरेक्टरीचा मालक आणि गट दोन्ही 'डीमन' नावाचे, परवानगी ७७० (मालक-गटाला सगळं, इतरांना काहीच नाही). फिल्टरला ५५५ (सगळ्यांना वाचणं-चालवणं).

आरसी.कॉन्फ मध्ये एलपीडी (हाच तो स्पूलर) सुरू करून 'एलपीआर' नं एक छोटी फाइल पाठवा. 'एलपीक्यू' (रांग दाखवणारी आज्ञा) मध्ये काम दिसतंय पण हलत नाही, तर फिल्टर कोणत्या कोडनं संपतो ते बघा: ० म्हणजे झालं, १ म्हणजे पुन्हा प्रयत्न, २ म्हणजे काम टाकून दिलं.