नागपूरचा पिन आणि कापरेकरांची वजाबाकी

६१७४ घोटून घोटून गुळगुळीत झाला आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये तो शोधला, आणि चार अंकी आकडा (चारही अंक सारखे नसले की झालं) जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचतो, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. म्हणून या खेपेला सहा अंकी आकडे घेतले. घरबसल्या मिळणारे सहा अंकी आकडे म्हणजे पिन कोड.

रीत तीच. अंक उतरते लावा, चढते लावा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तराला पुन्हा तेच. पुढची शून्यं मात्र गाळायची नाहीत.

सिव्हिल लाइन्सचा ४४०००१ घ्या. ४४१००० वजा ०००१४४ म्हणजे ४४०८५६. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. इथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सात आकड्यांचं रिंगण, बाहेर पडायला वाट नाही.

धरमपेठेचा ४४००१० यात ओघानेच आला, अंक तेच. पण सीताबर्डीचा ४४००१२ सुद्धा पहिल्याच वजाबाकीत ४४०८५६ देतो, तेव्हा जरा थबकलो. कारण सोपं आहे. अंक उतरते लावल्यावर पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा असे तीन फरक काढा. उत्तर म्हणजे पहिला फरक गुणिले ९९९९९, दुसरा गुणिले ९९९०, तिसरा गुणिले ९००, यांची बेरीज. मूळ अंक कुठले होते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन्हीकडे फरक ४, ४, १.

हे कळलं आणि निम्मी मेहनत वाचली. ४४०००१ ते ४४००३७ सगळे तपासले, एकूण एक त्याच रिंगणात. ४४००१६ एका उडीत आत, तर ४४०००५, ४४००१७ आणि ४४००३५ यांना दहा-दहा पायऱ्या.

सहा अंकांत स्वतःवरच थांबणारे आकडे दोन, ६३१७६४ आणि ५४९९४५. नागपूरला त्यातला एकही लाभत नाही म्हणून विदर्भातल्या बाकी जिल्हा ठिकाणांचे मुख्य पिन घेतले. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, भंडारा सगळे आपल्यासारखेच गरगरणारे. वर्ध्याचा ४४२००१ तर थेट आपल्याच ४४०८५६ वर येतो. पण चंद्रपूरचा ४४२४०१ आधी ४३१७६६ देतो आणि लगेच ६३१७६४ वर थांबतो. गोंदियाचा ४४१६०१ सुद्धा ४३१७६६ वरूनच तिथे जातो, एक पायरी जास्त घेऊन. गडचिरोलीचं मात्र हुकलं, राजेहो! ४४२६०५: ६५४४२० वजा ०२४४५६, पहिल्याच फटक्यात ६२९९६४, म्हणजे परत आपल्याच रिंगणाच्या वाटेवर. पूर्वेकडचेच दोघे का, याला भूगोलाचं कारण नाही, निव्वळ योगायोग. तरी नकाशावर ते बघायला मजा येते.

५४९९४५ अजून हाती लागलेला नाही. त्यासाठी फरक ५, ५, ० हवेत, म्हणजे अंक जोडीजोडीनेच हवेत. ४४०० ने सुरू होणाऱ्यांत असा एकच आकडा बसतो, ४४००५५. आता ४४५ ने सुरू होणारे पिन चाळतोय.