रिगॅलिया नावाची ढकलगाडी

घोट्याला बारीक फ्रॅक्चर, पाच आठवडे पाय उशीवर, आणि सेलमध्ये घेऊन ठेवलेला 'फायनल फँटसी १५'. दुसऱ्यांदा खेळले. पहिल्यांदा खेळले ते २०१८ मध्ये, कर्वेनगरच्या भाड्याच्या फ्लॅटवर, चौघी मिळून, एकाच कंट्रोलरवर. त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. आणि हो, शेवट फोडणार आहे. गेम २०१६चा आहे, एवढ्या वर्षांत खेळला नसेल तर आता माझ्यावर चिडू नका.

गोष्ट अशी. नोक्टिस नावाचा राजपुत्र लग्नाला निघालाय. वऱ्हाडात तीनच जण: अंगरक्षक ग्लॅडिओ, सगळी व्यवस्था बघणारा इग्निस आणि शाळेपासूनचा मित्र प्रॉम्प्टो. राजवाड्याच्या पायऱ्यांवर बापाचा निरोप घेतात, 'रिगॅलिया' नावाची काळी कुळकुळीत शाही गाडी निघते, आणि पुढच्याच दृश्यात ती बंद पडलेली असते. भर उन्हात, चहूकडे वैराण माळ, आणि भावी राजा गाडी ढकलतोय. मागे फ्लॉरेन्स अँड द मशीनच्या आवाजात 'स्टँड बाय मी' सुरू होतं आणि तिथे गेमचं नाव पडद्यावर येतं. एवढ्या खर्चाचा गेम, आणि सुरुवात ढकलगाडीने! आमच्यातली एक तेव्हाच म्हणाली होती, "अगं, हे तर आपलं महाबळेश्वर."

भूमिका लगेच वाटल्या गेल्या. घरात स्वयंपाक मी करायचे म्हणून मी इग्निस. सकाळी साडेपाचला जिमला जाऊन आम्हाला उठवणारी ती ग्लॅडिओ. ताटातल्या पोह्यांचेसुद्धा फोटो काढणारी प्रॉम्प्टो. आणि जिच्या भावाचा जुना प्लेस्टेशन ४ होता ती नोक्टिस. राजा कोण, हे भांडवलावर ठरतं.

या गेममध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे रात्र. दिवसभर राक्षस मारून मिळवलेले गुण इथे लगेच तुमच्या खात्यात जमा होत नाहीत, झोपल्यावर होतात. आणि अंधार पडला की रस्त्यावर जमिनीतून डीमन उगवतात. सुरुवातीच्या दिवसांत तो तलवारवाला लोखंडी राक्षस समोर आला की पळणं एवढाच पर्याय. इग्निस तर रात्री गाडी चालवायलाच कुरकुर करतो. म्हणजे मुक्काम करायलाच लागतो. गल्डिन कीच्या समुद्रातल्या हॉटेलात १०,००० गिल (गेममधलं चलन) मोजले तर गुण दुप्पट होतात. माळावर तंबू ठोकला तर गुण जसेच्या तसे, पण इग्निसच्या हातचं जेवण मिळतं आणि त्या जेवणाने दुसऱ्या दिवशीची ताकद वाढते. आता पैसे वाचवायचे की गुण वाढवायचे, की उद्या मोठी शिकार आहे म्हणून पोटभर जेवायचं, यावर आम्ही खरोखर भांडायचो. फ्लॅटचं वीजबिल वाटून घेताना एवढी चर्चा झाली नसेल.

आणि ते जेवण! पदार्थांचं चित्रण इतकं देखणं की रात्री अकराला भूक लागावी. इग्निस एखाद्या धाब्यावर काही खातो, बाजारात एखादी भाजी बघतो, आणि चष्मा सावरत जाहीर करतो की त्याला नवी पाककृती सुचली. नोक्टिसने लहानपणी टेनेब्रे नावाच्या प्रदेशात खाल्लेली एक गोड पेस्ट्री त्याला जमवायचीय, पुन्हा पुन्हा करतो, प्रत्येक वेळी "नाही, तशी नाही झाली." आजीची पुरणपोळी जमवायला निघालेल्या कुठल्याही माणसाला हे दुःख कळेल. नोक्टिस भाज्या खात नाही, हेही त्याच्या लक्षात असतं. जगबुडी जवळ आलीय आणि याला चिंता पोराच्या पोटात पालेभाजी जाईल का याची. मला हा माणूस फार आवडतो.

जेवण झालं की प्रॉम्प्टोचे फोटो. दिवसभरात त्याने स्वतःच्या मनाने काढलेले, तुम्हाला न विचारता. काही अप्रतिम, काहींत कुणाची तरी पाठ, काहींत झुडूप. ठेवायचे कुठले ते आपण ठरवायचं. मशीनने जुळवलेलं असूनही ते खऱ्या सहलीच्या फोटोंसारखे निघतात, म्हणजे निम्मे वाया.

लढाईबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण तिच्यात दिसायला खूप आहे, करायला कमी. तलवार फेकून तिच्यामागोमाग हवेतून झेपावणं, वॉर्प-स्ट्राइक, हे हजार वेळा केलं तरी कंटाळा येत नाही. पण एक बटण दाबून धरलं की हल्ला, दुसरं धरलं की बचाव, आणि मरायला टेकलात की गेम थांबवून पोशन, म्हणजे जीव परत आणणारं औषध, प्यायची. पिशवीत पोशनचा साठा असेल तर हरणं अवघड. कॅमेरा झाडीत अडकतो तो वेगळाच. एक गंमत मात्र मान्य: आगीचा मंत्र फेकला की आपली माणसंही भाजतात. ग्लॅडिओ शिव्या घालतो. आमच्या ग्लॅडिओनेही घातल्या.

आता गोष्टीकडे, म्हणजे दुखण्याकडे.

हा गेम २००६ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याचं नाव 'फायनल फँटसी व्हर्सस १३' होतं आणि दिग्दर्शक होते तेत्सुया नोमुरा. २०१३ मध्ये नाव बदलून १५ झालं, मग दिग्दर्शन हाजिमे ताबाता यांच्याकडे गेलं, आणि विक्रीला आला नोव्हेंबर २०१६ मध्ये. दहा वर्षं. रिगॅलिया काही मिनिटं ढकलली, हा गेम दहा वर्षं ढकलला, आणि त्याचे सांधे जागोजागी दिसतात.

राजपुत्राचं राज्य बुडतं, बाप मारला जातो, आणि आपल्याला ते कळतं वर्तमानपत्रातून. प्रत्यक्ष काय घडलं ते 'किंग्सग्लेव्ह' नावाच्या वेगळ्या सिनेमात. चौघांच्या मैत्रीची सुरुवात? वेगळ्या ॲनिमे मालिकेत. ग्लॅडिओ मधेच "मला एक काम आहे" म्हणून निघून जातो आणि कपाळावर नवी जखम घेऊन परततो. कुठे गेला होता ते पुढे आलेल्या, वेगळे पैसे मोजून घ्यायच्या भागात. इग्निस आंधळा होतो. माझा इग्निस! अल्टिसिया शहरात समुद्रदेवतेशी लढाई होते, नोक्टिस शुद्धीवर येतो आणि समोर इग्निस बसलेला, डोळे गेलेले. कसे गेले ते मूळ गेममध्ये नाहीच. ते डिसेंबर २०१७च्या जादा भागात. लग्नाला जायचं, पण अक्षता एका कार्यालयात, जेवण दुसऱ्या आणि नवरी तिसऱ्या, असा प्रकार.

नवरीवरून आठवलं. लुनाफ्रेया. हिच्याशी लग्नासाठी एवढा सगळा प्रवास. दोघं बारा वर्षं भेटलेले नाहीत, एक कुत्रा वही घेऊन जा-ये करतो आणि त्यात ते एकमेकांना दोन ओळी लिहितात. कल्पना किती सुंदर आहे बघा. आणि ती भेटते तेव्हा काय? काही मिनिटांत मरते. आम्ही चौघी रडायच्या तयारीत बसलो होतो आणि रडू येईना, कारण आम्ही तिला ओळखतच नव्हतो. त्याआधी जॅरेड नावाचा एक म्हातारा असाच पडद्याआड मारला जातो आणि नोक्टिस रागाने थरथरतो. आमची नोक्टिस कंट्रोलर खाली ठेवून म्हणाली, "जॅरेड कोण?"

बायकांचा विषय निघालाच आहे तर सिंडी. गाडी दुरुस्त करणारी मुलगी, हॅमरहेडच्या गॅरेजची खरी मालकीण म्हणावी अशी, हातात पाना, कामात तरबेज. आणि गॅरेजमध्ये कामाला कपडे? बिकिनीवर उघडं जाकीट. कॅमेरा वाकून वाकून बघतो. अशा कपड्यांत वेल्डिंग करून दाखवावं त्या डिझाइन करणाऱ्याने.

तेराव्या प्रकरणावर खेळाडू चिडले होते हे मला नंतर कळलं. आमच्याकडे सेकंडहँड डिस्क होती आणि फ्लॅटच्या इंटरनेटवर अपडेट उतरवणं म्हणजे महिन्याचा डेटा संपवणं, म्हणून आम्ही जुनं, न सुधारलेलं तेरावं प्रकरण खेळलो. शस्त्रं गेली, मित्र गेले, नोक्टिस एकटा, हातात फक्त एक अंगठी जिचा मंत्र लागू व्हायला युगं लागतात. करड्या भिंतींचे बोळ, दार, कार्ड शोध, पुन्हा बोळ, आणि लाऊडस्पीकरवरून खलनायक आर्डिनची बडबड. रात्री दोन वाजता फक्त मी जागी होते. बाकी तिघी गादीवर आडव्या. मार्च २०१७च्या अपडेटमध्ये अंगठी जोरदार झाली आणि तोच काळ ग्लॅडिओच्या बाजूने खेळायची सोय झाली. या वेळी तसं खेळले. सोपं गेलं, पण खरं सांगू? तो एकटेपणा जुन्यात जास्त लागला होता. चौघांच्या बडबडीची चाळीस-पन्नास तास सवय लावून मग ती काढून घेतलेली. ते मुद्दाम केलं असेल तर त्यांना सलाम. नसेल केलं तरी माझ्यावर परिणाम झालाच.

नव्या आवृत्तीत इग्निस होऊनही लढता येतं. आम्ही डिस्कवर अडकलो नसतो तर हे मला कर्वेनगरातच मिळालं असतं. दोन सुरे, तीन मंत्र, काय चपळाई! पहिला तास मी नुसती माळावर उगाच मारामाऱ्या करत हिंडले.

शेवट. नोक्टिस दहा वर्षांनी परततो, जगात सूर्य उगवत नाही, मित्रांना दाढ्या आल्यात. त्याला मरायला जायचंय आणि चौघांनाही ते माहीत आहे. सिंहासनाच्या दालनात शिरण्याआधी तो प्रॉम्प्टोला म्हणतो, फोटो दे, एक सोबत नेतो. आणि पडद्यावर तुमचाच अल्बम उघडतो. तुम्ही रोज रात्री ठेवलेले फोटो. ज्या गोष्टीत नवरीसाठी डोळे ओले झाले नाहीत, तिथे मी एका झुडपाच्या फोटोसमोर हुंदके देत होते.

२०१८ मध्ये कुठला फोटो न्यायचा यावर मतदान झालं होतं. दोन-दोन. मग कंट्रोलरच्या मालकिणीने राजाज्ञा काढून स्वतःचा एकटीचा, म्हणजे नोक्टिसचा मासे पकडतानाचा फोटो निवडला. अजून तिला माफ केलेलं नाही.

या वेळी मी एकटी होते. अल्बम तीनदा वरखाली केला आणि पावसातला एक घेतला: चोकोबो, म्हणजे गेममधला स्वारीचा मोठा पक्षी, मधे आलाय, त्याच्या पिसांमागून तिघांचे चेहरे दिसतायत आणि कडेला कुणाचं तरी कोपर. स्क्रीनचा फोटो काढून आमच्या जुन्या ग्रुपवर टाकला. एक आता टोरांटोला असते, तिथे संध्याकाळ होती. लगेच उत्तर आलं: "माझं फक्त कोपर??"